टीव्ही बांध कोरतो तेव्हा



शेजारचा गडी दरवर्षी नांगरताना एक तास बांधात घालतो. पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या वर्षी शंका येते, आणि पाचव्या वर्षी मोजणीवाला बोलवावा लागतो. हे आपल्या मंडळींना सांगायला नको. पण भिंतीवर टांगलेला टीव्हीसुद्धा असाच बांध कोरतो, आणि तोही एका बाजूने नव्हे तर चारी बाजूंनी, हे आम्हांला मात्र गेल्या गाळप हंगामापर्यंत ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा गट कार्यालयात बराच गलका झालेला होता.

त्याचे असे झाले. पंधरवड्याच्या ऊस बिलाची यादी पूर्वी गट कार्यालयाच्या फळ्यावर चिकटवत असत. यादी एक आणि माणसे दीडशे. पुढचा वाचतो आणि मागचा त्याच्या पागोट्याकडे बघतो अशी गत. म्हणून एका गट कार्यालयात ४३ इंची टीव्ही आणला, कार्यालयातला संगणक एका वायरने त्याला जोडला, आणि यादी मोठ्या अक्षरांत भिंतीवर दिसेल अशी सोय केली. कल्पना चांगलीच होती. यादीत डावीकडून सभासद क्रमांक, नाव, गट नंबर, लागण की खोडवा, टनेज, दर, एकूण रक्कम, तोडणी-वाहतूक व इतर कपात, आणि अगदी उजव्या कडेला शेवटचा रकाना निव्वळ देय रकमेचा. म्हणजे ज्यासाठी माणूस आठ मैल मोटारसायकल हाणत येतो, तो आकडा नेमका पडद्याच्या काठावर.

पहिलेच नाव आले त्या सभासदांनी आकडा वाचला आणि ते उठून उभेच राहिले. “पस्तीस टन ऊस दिधा, आनि हातमा आठ हजार?” मागून कोणीतरी म्हणाले, “पहिले काटामा मारत व्हतात, आते टीव्हीमा मारी राह्यनात!” आम्ही हे जसेच्या तसे छापतो आहोत, कारण त्या घटकेला तिथे बसलेल्या बहुतेकांच्या मनात तेच होते. काटामारीचा संशय ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. सभासदाचा कारखान्यावरचा विश्वास त्या एका आकड्यावर उभा असतो.

गलका थांबवला तो गावच्या एका निवृत्त गुरुजींनी. ते पुढे आले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, “आकडा नंतर वाचा. आधी स्वल्पविराम पाहा.” पडद्यावर दिसत होते ८६,४२. आठ हजार सहाशे बेचाळीस लिहायचे असते तर स्वल्पविराम आठाच्या पुढे पडला असता, ८,६४२ असा. इथे तो सहाच्या पुढे होता. “म्हणजे शेवटचा अंक पडद्याबाहेर राहिला आहे. डावीकडे बघा, सभासद क्रमांकाचा पहिला अंकही नाही.” लेखनिकाने तीच यादी संगणकाच्या छोट्या पडद्यावर दाखवली. तिथे स्वच्छ लिहिले होते ८६,४२०. चारचौघांनी खात्री केली, सभासद खाली बसले, पण चेहऱ्यावरची आठी काही गेली नाही. आणि का जावी? २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवून दिली, म्हणजे टनाला ३,५५०. यातले शेवटचे एक शून्य पडद्याने खाल्ले तर टनाचा दर क्विंटलचा होऊन बसतो. एक अंक जाणे म्हणजे दहातले नऊ हिस्से जाणे.

आम्ही त्या दिवशी तिथे होतो. हा प्रकार काय आहे याचा छडा लावायचे आम्ही मनावर घेतले. जळगावच्या एका टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला फोन लावला, गावातल्या शाळेच्या गुरुजींना विचारले, कारखान्याच्या संगणक विभागातल्या मुलांना पिडले. त्यातून जे हाती आले ते सभासदांपुढे ठेवतो. आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुलांचा लॅपटॉप आहे आणि भिंतीवर टीव्ही आहे. दोघांची गाठ आज ना उद्या पडणारच.

दुखणे जुने आहे

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आपल्याकडे खानदेशात त्याची चित्रे यायला पुढे बरीच वर्षे लागली. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, १९८४ सालात दूरदर्शनने देशभर छोट्या शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी केली, आणि मग गावागावांतून पत्र्यावर अँटेना दिसू लागल्या. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ लागले तेव्हा एका टीव्हीपुढे सगळी आळी बसत असे, हे आपल्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल.

तो टीव्ही म्हणजे मोठी काचेची नळी. मागून तिच्यावर किरण सोडायचा, तो डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली रेघा मारत जायचा, आणि त्या रेघांतून चित्र उमटायचे. आपल्या देशाच्या पद्धतीत एका चित्राला ६२५ रेघा, त्यांतल्या ५७६ चित्राच्या. आता हा किरण काही फूटपट्टी लावून चालत नसे. नळीच्या कडा गोलसर, संच जुना झाला की आतले भाग सैल पडायचे, आणि सर्वांत मोठी भानगड विजेच्या दाबाची. रब्बीत सगळ्या विहिरींवरचे पंप एकदम सुरू झाले की गावातला दाब उतरायचा, आणि टीव्हीतले चित्र चारी बाजूंनी आकसायचे. बातम्या देणारी बाई काळ्या चौकटीत बसल्यासारखी दिसायची. त्यासाठीच तर घरोघरी स्टॅबिलायझर आले.

कारखानदारांनी यावर एक तोडगा काढला. चित्र नळीच्या तोंडापेक्षा मुद्दामच थोडे मोठे फेकायचे. म्हणजे आकसले तरी काळी कड दिसणार नाही. कडेचा थोडा भाग काचेच्या बाहेर वाया जाई, पण जाऊ दे म्हणायचे. याला नाव पडले ओव्हरस्कॅन. कार्यक्रम करणारेही हे जाणून होते. मजकुराची पाटी पडद्याच्या मधल्या ऐंशी टक्के भागातच लिहायची, आणि पाहण्याजोगी हालचाल मधल्या नव्वद टक्क्यांत ठेवायची, असा त्यांचा जगभर दंडक होता. त्यामुळे पाहणाऱ्याला काही कापले जाते आहे याचा पत्ताच लागत नसे.

संगणक टीव्हीला जोडणारे लोक त्या काळीही होते, आणि त्यांना मात्र हा पत्ता पहिल्याच दिवशी लागला. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम नावाचा छोटा संगणक निघाला. तो घरच्या टीव्हीलाच जोडायचा. पुढे त्याची एक आवृत्ती आपल्या पुण्यातही तयार होत असे. त्याच्या चित्रात २५६ ठिपके आडवे आणि १९२ उभे, आणि भोवती चांगली रुंद रिकामी चौकट. ती चौकट शोभेची नव्हती. टीव्हीने बांध कोरला तरी पीक वाचावे म्हणून चारी बाजूंना सोडलेली ती पडीक जमीन होती. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्याची ‘क्लास’ नावाची योजना काढली. तिच्यात बीबीसी मायक्रो हा संगणक दिला गेला. त्याला तर चित्र वर-खाली सरकवण्यासाठी एक खास आज्ञाच होती. तारांकन लिहून पुढे टीव्ही ही अक्षरे टाकायची, म्हणजे वाचायची ‘स्टार टीव्ही’. पुढे १९९१ साली आलेल्या वाहिनीशी तिचा काही संबंध नाही, पण आम्हांला हसू आल्यावाचून राहिले नाही.

आता नळी गेली, चपटे पडदे आले. या पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आपल्या जागी कायमचा बसवलेला असतो. वीज कमी-जास्त झाली म्हणून तो सरकत नाही. मग ओव्हरस्कॅनची गरज उरली काय? नाही उरली. पण जुनी खोड. टीव्हीला वायरीतून चित्र आले की तो समजतो, हा कुठला तरी कार्यक्रम आहे, आणि सवयीने ते थोडे ताणून मोठे करतो. कार्यक्रमाची कड गेली तर कोणाचे काय बिघडते? संगणकाचे तसे नाही. त्याच्या कडेलाच सगळा संसार असतो. वर उजवीकडे खिडकी बंद करायची फुली, खाली बटणांची पट्टी आणि घड्याळ, आणि आपल्या यादीत निव्वळ देय.

किती कोरतो?

पूर्ण एचडी म्हणतात त्या टीव्हीत १,९२० ठिपके आडवे आणि १,०८० उभे असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके. टीव्हीने प्रत्येक बाजूने फक्त अडीच टक्के खाल्ले असे धरा. डावीकडचे ४८ ठिपके गेले, उजवीकडचे ४८, वरचे २७ आणि खालचे २७. उरले १,८२४ गुणिले १,०२६, म्हणजे १८,७१,४२४. गेले २,०२,१७६. एकराच्या भाषेत सांगायचे तर ४० गुंठ्यांतले जवळजवळ ४ गुंठे शेजाऱ्याच्या बांधात. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण चारी बाजू मिळून दहावा हिस्सा गेला.

एवढ्यावर भागत नाही. उरलेले १,८२४ ठिपके टीव्ही १,९२० जागांवर पसरतो. म्हणजे १९ सऱ्यांचे बेणे २० सऱ्यांत घातल्यासारखे. कुठे दाट, कुठे विरळ, सरळ असे काहीच राहत नाही. सिनेमातल्या डोंगराला त्याने फरक पडत नाही, पण अक्षराच्या बारीक काडीला पडतो. आपल्या मराठीला तर जास्तच. इंग्रजी अक्षर एका मजल्याचे, आपले तीन मजल्यांचे. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. पडद्याच्या सर्वांत वरच्या ओळीचा वरचा मजला कापला की ‘मोळी’चा ‘माळा’ होतो आणि ‘वर्ग’चा ‘वग’ होतो. गट कार्यालयात यादीच्या मथळ्याचे तसेच झालेले होते, पण आकड्याच्या गडबडीत तिकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

चुकीचे औषध

आमच्या लेखनिकाने दुसऱ्या दिवशी आपल्या परीने इलाज केला. संगणकातल्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याने चित्रच लहान करून टाकले. टीव्ही कडा कापतो ना, मग आपण चित्र आधीच आत ओढून घेऊ. रकाना पूर्ण दिसू लागला. सगळे खूश. पण पुढच्या पंधरवड्याला नवीच तक्रार आली. मागच्या बाकावरून १ आणि ९ यांतला फरक कळेना, ५ आणि ६ सारखेच दिसू लागले. अक्षरे पावसात भिजलेल्या पावतीसारखी फिसकटलेली.

कारण उघड आहे. संगणकाने २० सऱ्यांचे बेणे १९ त कोंबले, आणि टीव्हीने ते पुन्हा २० त पसरले. एकदा दाबलेले, एकदा ताणलेले. चित्राला दोन वेळा मार बसला. हेच आम्हांला या लेखात ठासून सांगायचे आहे. कड कापली जाते ती टीव्हीत, तेव्हा औषधही टीव्हीलाच द्यावे. संगणकाकडे मागाहून यावे, तेही गरज पडली तरच. जळगावच्या कारागिराने फोनवर पहिले वाक्य हेच सांगितले, “साहेब, माऊस खाली ठेवा आणि रिमोट घ्या.” पुढे चार मिनिटांत काम झाले. आमचे दोन पंधरवडे त्या चार मिनिटांपायी गेले.

रिमोट घेऊन काय करावे

टीव्हीच्या मेनूत चित्राचे, म्हणजे ‘पिक्चर’ नावाचे पान असते. त्यात चित्राचा आकार, ‘पिक्चर साइझ’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’, शोधावा. तिथे जी गोष्ट हवी तिला प्रत्येक कंपनीने आपापले नाव ठेवले आहे, आणि खरा घोळ तिथेच होतो. एलजीच्या टीव्हीत ती ‘जस्ट स्कॅन’ नावाने असते. सॅमसंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’. सोनीमध्ये ‘डिस्प्ले एरिया’ उघडून ‘फुल पिक्सेल’ निवडायचे. इतर काही संचांत ‘डॉट बाय डॉट’ असते, नाहीतर सरळ ‘ओव्हरस्कॅन’ असेच लिहिलेले असते आणि ते बंद करायचे असते. नावे कितीही असोत, अर्थ एकच: जेवढे ठिपके आले तेवढेच, जिथल्या तिथे दाखव. ‘झूम’ आणि ‘वाइड’ यांच्या नादी लागू नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे करताना संगणक जोडलेला आणि चालू असला पाहिजे, आणि टीव्हीवर त्याचेच चित्र असले पाहिजे. एरवी ही निवड पुष्कळ संचांत फिकी पडलेली असते, दाबली जात नाही. मग माणूस म्हणतो, आमच्या टीव्हीत ती सोयच नाही.

दुसरी युक्ती इनपुटच्या नावाची. बऱ्याच टीव्हींत ज्या भोकात वायर घातली आहे त्याला नाव देता येते: सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, गेम, पीसी. तिथे ‘पीसी’ हे नाव दिले की सॅमसंग, एलजी यांचे पुष्कळ संच आपली वागणूकच बदलतात. समोर कार्यक्रम नसून संगणक आहे, हे त्यांना कळते. कापाकापी थांबते, आणि रंगीत अक्षरांच्या कडा स्वच्छ होतात. लाल अक्षरे पसरल्यासारखी दिसत असतील तर हे जरूर करून पाहावे. नुसत्या नावाने काय फरक पडणार असे आम्हांलाही वाटले होते, पण पडतो.

आता संगणकाची बाजू. विंडोज असलेल्या संगणकात मोकळ्या जागेवर उजवी कळ दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तिथे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ‘रिझोल्यूशन’, म्हणजे ठिपक्यांची संख्या. ती टीव्हीच्या पडद्याची जेवढी असेल तेवढीच ठेवावी. पूर्ण एचडीला १,९२० गुणिले १,०८०. बहुधा ‘रेकमेंडेड’ असा शब्द तिच्यापुढे असतो. ३२ इंची पुष्कळ टीव्हींचा पडदा मात्र १,३६६ गुणिले ७६८ इतकाच असतो. वर पेटीवर काय लिहिले आहे यावर जाऊ नये, माहितीपुस्तिका काढून पाहावी. अशा संचाला १,९२० चे चित्र दिले तर तो घेतो खरा, पण आत दाबून बसवतो आणि अक्षरे गढूळ होतात. त्याला १,३६६ किंवा जवळचे १,३६० गुणिले ७६८ द्यावे.

दुसरी गोष्ट ‘स्केल’, म्हणजे अक्षरांचा आणि चित्रांचा मोठेपणा. मागच्या बाकावरच्या माणसाला वाचता येत नाही म्हणून रिझोल्यूशन कमी करणे ही घोडचूक. पीक बारीक दिसते म्हणून कोणी शेत लहान करते का? रिझोल्यूशन पूर्ण ठेवून स्केल १२५, १५० टक्के असे वाढवत न्यावे. फोर-के टीव्हीत ठिपके ३,८४० गुणिले २,१६० असतात. तिथे २०० किंवा ३०० टक्केही लागते. वाढवले की यादीचे रकाने पडद्यात मावत नाहीत, तेव्हा सभासदाला नको असलेले रकाने लपवावेत. गट नंबर त्याला पाठ असतो.

तिसरा घोळ दोन पडद्यांचा. लॅपटॉपवर आणि टीव्हीवर एकच चित्र ठेवले, ज्याला ‘डुप्लिकेट’ म्हणतात, तर दोघांना मिळून एकच माप घ्यावे लागते. जुन्या लॅपटॉपचे माप टीव्हीच्या गळ्यात पडते, आणि मग काळे पट्टे येतात किंवा चित्र फाकते. विंडोजची कळ धरून पी दाबावे आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. लॅपटॉप गप्प बसतो आणि टीव्हीला त्याचे स्वतःचे माप मिळते. बैलजोडीत एक खोंड आणि एक म्हातारा असला की नांगर म्हाताऱ्याच्याच चालीने चालतो, तसे हे आहे.

कधी उलटाच प्रकार दिसतो. कड कापली जात नाही, पण चारी बाजूंना काळी चौकट. एएमडीच्या रेडिऑन जातीच्या ग्राफिक्स कार्डात असे पुष्कळदा होत असे. टीव्ही कापणारच असे गृहीत धरून ते कार्ड आधीच चित्र आत घेई. टीव्ही सुधारला की ती चौकट उघडी पडते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय स्केलिंग’ नावाची सरकपट्टी असते, ती शून्यावर न्यावी. आणि ज्या जुन्या टीव्हीत ओव्हरस्कॅन बंद करायची सोय खरोखरच नाही, तिथे मात्र अशीच सरकपट्टी वापरून चित्र आत घेण्यावाचून गत्यंतर नसते. अक्षर थोडे फिसकटेल, पण आकडा तरी हातचा जाणार नाही.

जुन्या संगणकाची पंधरा टाचण्यांची निळ्या तोंडाची वायर असेल तर चित्र एका बाजूला सरकलेले येते. मेनूत ‘ऑटो अ‍ॅडजस्ट’ असते, ते दाबले की बहुधा जागेवर येते. आवाजाला वेगळी वायर लागते.

वर्तुळ आणि अंडे

गट कार्यालयाचे काम मिटल्यावर आमच्या मनात शाळांचे आले. धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या, ही गेल्या दशकातली गोष्ट. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कला नोकरीला असलेले हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून ही चळवळ उभी केली. मोठा वाटा गावाने उचलायचा आणि उरलेला त्यांनी घालायचा, अशी रीत. कोणी शंभर दिले, कोणी हजार. जळगाव जिल्ह्यातही कितीतरी गावांनी शाळेला पडदे आणि टीव्ही दिले, आणि त्यांत आपल्या ऊस उत्पादकांचे पैसे आहेत. तेव्हा त्या पडद्यावर काय दिसते हे पाहण्याचा आपला हक्कही आहे.

आम्ही कार्यक्षेत्रातल्या एका शाळेत गेलो. गुरुजींनी भूमितीचा धडा लावला होता. वर्तुळ म्हणजे काय ते सांगत होते आणि पडद्यावर अंडे दिसत होते. एक पोरगी म्हणाली, “सर, हे तर लंबगोल आहे.” तिचे बरोबर होते. जुना चौकोनी माप असलेला धडा, म्हणजे ४ ला ३, टीव्हीने आपल्या १६ ला ९ या मापात ताणून भरला होता. त्यात रुंदी बरोबर एक-तृतीयांश वाढते. ३० सेंटिमीटर उंच वर्तुळ ४० सेंटिमीटर रुंद होते. महाराष्ट्राचा नकाशाही असाच आडवा पसरला होता आणि तापी नदी आहे त्याहून लांब झाली होती. मोठ्या माणसाला हे कळते, तो मनातल्या मनात सुधारून घेतो. ज्या लेकराने वर्तुळ आजच पहिल्यांदा पाहिले त्याने काय करावे?

इथला उपाय साधा. धडा जुन्या मापाचा असेल तर टीव्हीच्या आकारात ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडावे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, त्यांची लाज वाटून घेऊ नये. पडदा पूर्ण भरला नाही म्हणून वर्गणीचे पैसे वाया गेले असे काही पालकांना वाटते, तसे काही नाही.

परीक्षा कशी घ्यावी तेही गुरुजींनीच शोधून काढले. संगणकावर एक कोरे पान घेऊन त्याच्या चारी कडांना टेकणारी चौकट आखायची आणि मधोमध एक वर्तुळ काढायचे. ते पान पूर्ण पडद्यावर लावायचे. चौकटीच्या चारही रेघा दिसल्या म्हणजे बांध शाबूत. मग सुतळी घेऊन वर्तुळ आडवे मोजायचे आणि तीच सुतळी उभी लावायची. दोन्ही सारखी आली म्हणजे माप खरे. वजनकाट्यावर गाडी घेण्याआधी काटा शून्यावर आहे का ते आपण पाहतो, तितकेच हे सोपे आहे, आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

करोनाच्या काळात, २०२१ साली, राज्यातल्या सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा दृकश्राव्य पद्धतीने झाल्या. कितीतरी सभासदांनी ताळेबंद मुलाच्या फोनवर किंवा घरच्या टीव्हीला जोडलेल्या लॅपटॉपवर पाहिला. ताळेबंदातही शेवटचा रकाना बेरजेचाच असतो. त्या वेळी किती घरांत बेरजेची कड गेली असेल, आणि तरी हात वर करून मंजूर मंजूर झाले असेल, असा विचार आता मनात येतो. लेखा विभागाला आमची सूचना आहे की पडद्यावर दाखवायच्या प्रत्येक तक्त्याच्या उजव्या बाजूला दोन बोटे कोरी जागा सोडावी आणि रकमेपुढे स्वल्पविराम न चुकता द्यावा. संच कसाही असो, सभासदाच्या हाती काहीतरी खूण राहील. आणि छापील पावती बंद करू नये. ती पडद्याला जोडीदार आहे.

त्या गट कार्यालयात आता पंधरवड्याच्या दिवशी लेखनिक आधी चौकटीचे पान लावतो. जमलेली मंडळी चारही रेघा मोठ्याने मोजतात, एखादा पोर सुतळी धरतो, आणि मग यादी सुरू होते. ते पस्तीस टनांचे सभासद परवा भेटले. त्यांचे ८६,४२० रुपये बँकेत जमा झाले होते. यादीत नाव आले तेव्हा त्यांनी आकडा वाचला, मग पुढे जाऊन टीव्हीच्या उजव्या कडेवर बोट ठेवून पाहिले, आणि तरीही खिडकीवर जाऊन पावती मागून घेतली.